सूज ओसरेपर्यंत

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



काही वर्षांपूर्वीची गोष्ट सांगते. पहाटे सहा वाजता माझा फोन वाजला. डॉक्टरच्या घरी अवेळी फोन वाजला की मनात आधी वाईटच येतं. फोनवर एक शिक्षिका होत्या. आदल्या संध्याकाळीच माझ्या दवाखान्यात येऊन गेल्या होत्या. आवाज रडवेला झाला होता. "मॅडम, आरशात बघवत नाही हो. हे माझं तोंडच नाही. साडेसातला शाळा आहे. मुलांसमोर उभी कशी राहू मी?"

या बाई पन्नाशीच्या. लांबलेल्या आजारपणात त्यांचं वजन बरंच उतरलं होतं आणि गालही बसले होते. आजार बरा झाला, पण भेटेल तो विचारायचा, "काय हो, बरं नाही का?" या प्रश्नाला कंटाळून त्या माझ्याकडे आल्या. त्वचारोगतज्ज्ञ म्हणून हे काम मी बरीच वर्षं करते आहे. मी त्यांच्या गालांत आणि ओठांत फिलरची इंजेक्शनं दिली आणि निघताना सांगितलं, "थोडीशी सूज येईल, काळजी करू नका. उद्यापासून नेहमीची कामं करा."

इंजेक्शन नीट दिलं होतं, औषधही चांगलं होतं. चूक होती ती माझ्या 'थोडीशी' या शब्दात. शेकडो चेहरे पाहिलेल्या डॉक्टरला जी सूज थोडीशी वाटते, ती सकाळी उठून आरशात स्वतःचा चेहरा पाहणाऱ्या माणसाला थोडीशी वाटत नाही. मी त्यांना लगेच बोलावून घेतलं, तपासलं, सगळं ठीक असल्याची खात्री केली. पण त्या चार दिवस शाळेत गेल्या नाहीत. ती रजा माझ्यामुळे पडली, हे मला अजून लागून राहिलं आहे. तेव्हापासून सुई हातात घेण्याआधी मी पंधरा मिनिटं फक्त सुजेबद्दल बोलते. आज तेच तुमच्याशी बोलणार आहे.

तुमच्यापैकी काहींना वाटेल, हे श्रीमंतांचे आणि सिनेमावाल्यांचे चोचले; रेडिओवर हा विषय कशाला? कधीकाळी ते खरंही होतं. आता तालुक्याच्या गावातसुद्धा अशा उपचारांच्या पाट्या दिसतात. लग्नसराई जवळ आली की नवरी येते, तिच्या मागोमाग तिची आई येते. पुरुषही येतात. आणि यांतले बरेचजण एक गोष्ट हमखास करतात, ती म्हणजे घरी सांगत नाहीत. मग सूज आली की कारणं शोधावी लागतात. गांधीलमाशी चावली, दाढ काढली, काहीतरी अंगावर उठलं. आमच्या भागात गांधीलमाश्या फार झाल्या आहेत, असं मी गमतीनं म्हणते. पण या लपवालपवीपायी एका बाईचं कायमचं नुकसान झालेलं मी पाहिलं आहे. त्यांची हकिगत पुढे सांगणार आहे.

आधी फिलर म्हणजे काय ते पाहू. फिलर आणि बोटॉक्स यांत बऱ्याच जणांची गल्लत होते. बोटॉक्सनं स्नायू सैल पडतात आणि कपाळाच्या आठ्या कमी होतात. फिलर म्हणजे भर. वयानं किंवा आजारानं चेहरा जिथं ओसरला असेल, तिथं कातडीखाली जेलसारखा पदार्थ भरायचा. आज त्यासाठी सर्वांत जास्त वापरतात ते हायल्युरॉनिक ॲसिड. नावात ॲसिड असलं तरी ते जाळणारं नाही. आपल्या कातडीत, सांध्यांतल्या वंगणात आणि डोळ्यांतही ते मुळातच असतं. कार्ल मायर आणि जॉन पामर या शास्त्रज्ञांनी १९३४ साली न्यूयॉर्कमध्ये गाईच्या डोळ्यातून ते वेगळं काढलं. त्याचा मोठा गुण म्हणजे ते पाणी धरून ठेवतं. आपल्या शरीरात ते सतत विरघळत आणि नव्यानं तयार होत असतं. फिलर टिकावं म्हणून त्याचे धागे रासायनिक प्रक्रियेनं एकमेकांत गुंतवतात. मग ते काही महिने ते वर्ष-दीड वर्ष राहतं, कधी त्याहून जास्तही.

एका सिरिंजमध्ये साधारण एक मिलिलिटर जेल असतं. म्हणजे चहाच्या चमच्याचा पाचवा हिस्सा. एवढंसं जेल घातल्यावर दुसऱ्या दिवशी ओठ दुप्पट दिसत असतील, तर ते सगळं फिलर नाही, त्यात बरीचशी सूज आहे, हे यावरूनच लक्षात येईल.

भर घालण्याचा हा खटाटोप नवा नाही. व्हिएन्नामध्ये डॉ. रॉबर्ट गेर्सुनी यांनी १८९९ सालापासून पॅराफिन टोचून पाहिलं. सुरुवातीला लोक खूष झाले. पुढे काही वर्षांनी त्या जागी कडक गाठी झाल्या, चेहरे विद्रूप झाले. ती सूज ओसरलीच नाही. १९८१ मध्ये अमेरिकेत गाईगुरांच्या कातडीपासून काढलेल्या कोलॅजनला मान्यता मिळाली. पण ते काहींना सोसत नसे. म्हणून आधी हातावर थोडं टोचून चार आठवडे वाट पाहावी लागे. हायल्युरॉनिक ॲसिडचं फिलर युरोपात १९९६ मध्ये आलं, अमेरिकेत डिसेंबर २००३ मध्ये. त्याचा एक मोठा फायदा असा, की ते विरघळवणारं औषध डॉक्टरांच्या हाताशी असतं. हे औषध लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम पडणार आहे.

आणि हे केवळ नटण्यामुरडण्यासाठी असतं असंही नाही. आपल्याकडे सरकारी केंद्रांवर एचआयव्हीची औषधं मोफत मिळू लागली ती २००४ साली. त्यांत स्टॅव्हुडिन नावाचं एक औषध होतं. त्यानं जीव वाचले, पण काही रुग्णांच्या गालांतली चरबी झिजली. जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ मध्ये ते औषध हळूहळू बंद करायला सांगितलं. तोवर अनेकांचे चेहरे असे झाले होते, की जाणकार माणसानं पाहताच आजार ओळखावा. असे एक गृहस्थ माझ्याकडे यायचे. कचेरीत लोक कुजबुजायला लागले होते. त्यांना मी वेगळ्या प्रकारचं, पॉलिलॅक्टिक ॲसिडचं इंजेक्शन दिलं. त्यात औषध पाण्यात कालवून देतात. गाल लगेच भरलेले दिसतात, दोन-चार दिवसांत ते पाणी शोषलं जाऊन पुन्हा बसतात आणि खरी भर पुढच्या काही महिन्यांत येते. हे मी त्यांना आधी सांगितलं होतं. तरी चौथ्या दिवशी ते हिरमुसून आले. म्हणाले, "मॅडम, ती सूज राहिली असती तरी चाललं असतं." एकीला सूज कधी जाते असं झालं होतं, दुसऱ्याला ती गेल्याचं दुःख. दोघांनाही पुढच्या दिवसांत काय होणार आहे, याची नीट कल्पना हवी होती.

तर सूज का येते? सुई कातडीत शिरते तेव्हा बारीक रक्तवाहिन्या दुखावतात. शरीर त्या जागी दुरुस्तीसाठी रक्तातला द्रव आणि पेशी पाठवतं. गुडघा फुटल्यावर जे होतं तेच इथं होतं. त्यात हायल्युरॉनिक ॲसिड स्वतः पाणी ओढून घेतं. ओठांची कातडी पातळ आणि तिथं रक्तपुरवठा भरपूर, म्हणून ओठ सर्वांत जास्त सुजतात. डोळ्यांखालची जागाही तशीच नाजूक. गालांत आणि हनुवटीत सूज असते, पण ती एवढी दिसत नाही.

साधारण दिवसांचा हिशेब असा. पहिल्या दिवशी सुयांच्या जागा लाल दिसतात, भूल असल्यामुळे ओठ जड वाटतात. दुसऱ्या दिवशी सकाळी सूज सर्वांत जास्त. रात्रभर आडवं झोपल्यामुळे ती आणखी वाढते आणि उठून वावरायला लागलं की दुपारपर्यंत जरा उतरते. एक बाजू दुसरीपेक्षा जास्त सुजू शकते, त्यामुळे तोंड वाकडं झाल्यासारखं वाटतं. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून उतार पडतो. रक्त साकळलं असेल तर जांभळा डाग हिरवट होतो, मग पिवळा पडतो. सातव्या दिवसापर्यंत बहुतेक सूज गेलेली असते. हाताला बारीक गाठी लागतात, त्याही हळूहळू मऊ होतात. फिलर कसं बसलं आहे याचा निकाल दोन आठवड्यांनी द्यायचा, त्याआधी नाही. डोळ्यांखाली मात्र सकाळची सूज काहींना आणखी काही आठवडे राहते.

म्हणूनच लग्न आठ दिवसांवर आलेल्या नवरीला मी परत पाठवते. महिनाभर हातात असेल तर बघू, म्हणते. हळदीच्या दिवशी काळानिळा ओठ घेऊन पाटावर बसण्यापेक्षा आहे तो चेहरा बरा.

आता घरी काय करायचं? पहिल्या दोन दिवसांत स्वच्छ कापडात गुंडाळलेला बर्फ पाच-दहा मिनिटं हलक्या हातानं लावावा. बर्फाचा खडा थेट कातडीवर धरू नये. दोन रात्री उशाला दोन उश्या घ्याव्यात. दोन दिवस पळणं, व्यायामशाळा, कडक ऊन, वाफ घेणं आणि दारू टाळावी. दुखलं तर पॅरासिटामॉल पुरतं. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांनी रक्तस्राव वाढू शकतो, म्हणून त्या स्वतःहून घेऊ नयेत. पण इथं एक इशारा देते. हृदयासाठी किंवा मेंदूच्या विकारासाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर चेहऱ्यावरच्या डागाच्या भीतीनं ती आपल्या मनानं बंद करू नका. ज्या डॉक्टरांनी ती दिली, त्यांना विचारा. दातांची मोठी कामं दोन आठवडे पुढे ढकलावीत. ओठांवर पूर्वी ज्वराचे फोड, म्हणजे नागिणीसारखे बारीक फोड, येत असतील तर इंजेक्शनच्या आधीच सांगावं. सुईनं ते पुन्हा उठू शकतात आणि त्यावर आधी गोळ्या देता येतात.

आणि चोळू नका. गाठ हाताला लागली की ती दाबून बघण्याचा मोह होतो. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय मालीश नको. राहिली आपली आंबेहळद. मुक्या मारावर आंबेहळद उगाळून लावायची, हे आपण आजीकडून शिकलो. मलाही तिच्याबद्दल माया आहे. पण इथं कातडीला सुईची भोकं पडलेली असतात. ती मिटेपर्यंत तरी त्यांच्यावर सहाणेवर उगाळलेलं काहीही लावू नये. दुसरं कारण याहून महत्त्वाचं आहे. लेपाखाली कातडीचा रंग दिसत नाही.

आता त्या बाईंची हकिगत सांगते. चाळिशीच्या. शहरातून महिन्यातून एकदा येणाऱ्या कोणाकडून त्यांनी नाकपुडीजवळची सुरकुती भरून घेतली होती. सुई आत असतानाच जोराची कळ आली आणि त्या जागेची कातडी पांढरी पडली. "होतं असं, बर्फ लावा," असं त्यांना सांगण्यात आलं. देणारा त्याच संध्याकाळी निघून गेला. घरी त्यांनी गांधीलमाशी चावल्याचं सांगितलं. सासूबाईंनी मायेनं आंबेहळदीचा लेप दिला. रात्रभर ठणका होता. बाईंनी गोळी घेऊन दात आवळून रात्र काढली. कोणाला काय सांगणार? पिवळ्या लेपाखाली कातडी निळी-जांभळी होत गेली, ते कोणालाच दिसलं नाही. तिसऱ्या दिवशी फोड आले, तेव्हा बहीण त्यांना माझ्याकडे घेऊन आली.

झालं होतं असं, की जेल रक्तवाहिनीत गेलं होतं आणि पुढचा रक्तपुरवठा तुटला होता. मी मघाशी सांगितलेलं विरघळवणारं औषध, हायल्युरोनिडेज, तातडीनं दिलं. पुढचं बरंचसं नुकसान टळलं. पण नाकपुडीशेजारी तांदळाच्या दाण्याएवढा खड्डा कायमचा राहिला. पहिल्याच दिवशी त्या आल्या असत्या तर बहुधा तोही राहिला नसता. सासूबाई बरोबर होत्या. डोळे पुसत सुनेला म्हणाल्या, "मला सांगितलं असतंस तर मी काय तुला खाल्लं असतं? तेव्हाच उचलून दवाखान्यात आणलं असतं."

रक्तवाहिनी बंद पडणं हे क्वचित होतं, पण कुशल हातूनही होऊ शकतं. म्हणून फिलर घेणाऱ्यानं आणि त्याच्या घरातल्या एकानं तरी काही खुणा पाठ कराव्यात. एक, वेदना. साधी सूज ताणल्यासारखी वाटते, दाबलं तर दुखते. वाढत जाणारा, झोपू न देणारा ठणका साधा नाही. मात्र वेदना नाही म्हणून निर्धास्तही राहू नका. भुलीमुळे ती दबलेली असू शकते. दोन, रंग. कातडी पांढरी पडणं, नंतर तिच्यावर निळसर-जांभळी जाळी उमटणं. आपल्या गव्हाळ, सावळ्या कातडीवर पांढुरकेपणा चटकन कळत नाही. चांगल्या उजेडात दोन्ही बाजू ताडून पाहाव्यात, ओठांची आतली बाजूही पाहावी. तीन, बोटानं हलकेच दाबून सोडल्यावर कातडीचा रंग दोनेक सेकंदांत परत यायला हवा. तो रेंगाळत असेल तर शंका घ्यावी. चार, ती जागा गार लागणं आणि नंतर तिथं पुवाचे असावेत तसे बारीक फोड. यांतलं काहीही दिसलं तर ज्यांनी इंजेक्शन दिलं त्यांना त्याच क्षणी गाठा, रात्रीचे दोन वाजले असले तरी. आणि अशा वेळी बर्फ लावू नका. बर्फानं रक्तवाहिन्या आकसतात, आणि इथं रक्ताची वाट मोकळी व्हायला हवी असते.

सर्वांत गंभीर गोष्ट डोळ्याची. नाक आणि दोन भुवयांमधल्या जागेच्या रक्तवाहिन्या डोळ्याच्या रक्तवाहिन्यांशी जोडलेल्या असतात. जोर लावून टोचलेलं जेल उलट दिशेनं जाऊन डोळ्याच्या पडद्याचा रक्तपुरवठा बंद करू शकतं. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनानं मे २०१५ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला. दृष्टी जाणं, पक्षाघाताचा झटका, कातडी मरणं, हे सगळं त्यात नमूद होतं. इंजेक्शन चालू असताना किंवा नंतर एका डोळ्यापुढे अंधार आला, दोन-दोन दिसू लागलं, पापणी पडली, बोलताना जीभ अडखळली किंवा हातापायातली ताकद गेली, तर थेट मोठ्या रुग्णालयात जायचं. डोळ्याच्या बाबतीत हिशेब मिनिटांचा असतो.

आणखी काही प्रकारच्या सुजा सांगते, म्हणजे गोंधळ उडणार नाही. इंजेक्शननंतर काही मिनिटांत किंवा तासांत ओठ, जीभ, पापण्या एकदम फुगल्या, अंगावर गांधी उठल्या, श्वास लागला, तर ती ॲलर्जी. तिथंही रुग्णालयच गाठायचं. काही दिवसांनी जागा लाल, गरम झाली, दुखणं वाढत गेलं, ताप आला, तर जंतुसंसर्गाची शंका. आणि कधीकधी सगळं व्यवस्थित झाल्यावर काही आठवड्यांनी, महिन्यांनीही सूज येते. फ्लू, दातातला पू किंवा लस अशा एखाद्या निमित्तानं शरीराची संरक्षणव्यवस्था जागी होते आणि जुन्या फिलरकडेही वळते. डिसेंबर २०२० मध्ये मॉडर्नाच्या करोना लशीच्या चाचणीचा तपशील जाहीर झाला, तेव्हा पूर्वी फिलर घेतलेल्या तिघांच्या चेहऱ्यावर किंवा ओठांवर सूज आल्याची नोंद त्यात होती. लस टाळायचं ते काही कारण नव्हे. अशा सुजेवर उपचार आहेत. पण तपासणाऱ्या डॉक्टरला फिलरची माहिती दिली नाही, तर तो बिचारा भलतीकडेच शोधत राहील.

फिलर विरघळवतानाही सूज येते. जुलै २०२५ मध्ये उर्फी जावेद हिनं ओठांतलं जुनं फिलर काढून टाकतानाची चित्रफीत स्वतःच लोकांपुढे ठेवली. तिचे ओठ आणि गाल इतके सुजले होते, की त्यावर पुष्कळ चेष्टा झाली. चेष्टा करणारे करोत. हा उपचार घेताना काही दिवस माणूस कसा दिसतो, ते तिनं लपवलं नाही, हे मला आवडलं. त्या आठवड्यात माझ्या दवाखान्यात चार जणींनी आपणहून सुजेबद्दल विचारलं.

जाण्याआधी काय विचारावं? इंजेक्शन देणाऱ्या व्यक्तीचं शिक्षण आणि वैद्यक परिषदेकडचा नोंदणी क्रमांक विचारा. त्यात अपमान वाटण्यासारखं काही नाही. कोणतं फिलर देणार, त्याचा खोका आपल्यासमोर उघडा म्हणावं आणि त्यावरची नाव व क्रमांकाची चिठ्ठी मागून घरी जपून ठेवावी. विरघळवणारं औषध दवाखान्यात या क्षणी आहे का, हे विचारा. हे औषध फक्त हायल्युरॉनिक ॲसिडच्या फिलरवर चालतं; सिलिकॉन किंवा इतर कायमच्या फिलरवर त्याचा उपयोग नाही. रात्री अडचण आली तर फोन कोण उचलेल, तेही विचारा. सुईशिवाय, केवळ दाबानं फिलर आत घालणाऱ्या पेनांची जाहिरात दिसते. त्यांच्याविरुद्ध अमेरिकेच्या त्याच प्रशासनानं ऑक्टोबर २०२१ मध्ये इशारा दिला आहे. त्यांच्या वाटेला जाऊ नका. आणि घरात सोळा-सतरा वर्षांची मुलगी हट्ट करत असेल, तर तिला एवढं सांगा, की इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०२१ पासून अठरा वर्षांखालच्यांना केवळ सौंदर्यासाठी फिलर देणं हा कायद्यानं गुन्हा आहे.

शेवटी घरच्यांसाठी दोन शब्द. आपल्या घरातल्या कोणी असं काही करून घेतलं, तर आपलं तोंड आधी चालतं. "या वयात?" "काय गरज होती?" "पैसे वर आलेत का?" हे प्रश्न विचारायचेच असतील तर पंधरा दिवसांनी विचारा. सूज असताना त्या माणसाला चांगल्या उजेडात बसवा, चेहरा नीट पाहा आणि "दुखतंय का?" एवढं विचारा. ज्या घरात हे बोलता येतं, त्या घरातल्या बाईला गांधीलमाशी शोधावी लागत नाही. आणि ज्यांना करून घ्यायचं आहे त्यांना माझं सांगणं असं, की सगळ्या गावाला सांगू नका, पण रात्री शेजारच्या खोलीत झोपणाऱ्या एका माणसाला तरी सांगा.

त्या शिक्षिका चौदाव्या दिवशी तपासणीला आल्या. गालांवर हलकी भर दिसत होती, ओठ पूर्ववत झाले होते. मी विचारलं, "शाळेत काय सांगितलंत?" त्या म्हणाल्या, "पहिले चार दिवस ताप आल्याचं कळवलं होतं. पाचव्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत सरळ खरं सांगून टाकलं. दोघी हसल्या. तिसरीनं हळूच तुमचा पत्ता मागितला." मग थोडं थांबून म्हणाल्या, "आणि सातवीतली एक मुलगी म्हणाली, बाई, तुम्ही आता बऱ्या झालात ना?"

मी त्यांची माफी मागितली. त्यांनी ती हसून उडवून लावली. पण त्याच आठवड्यात मी एक कागद छापून घेतला. पहिल्या दिवसापासून चौदाव्या दिवसापर्यंत काय दिसेल, कोणत्या खुणा दिसल्या तर धावत यायचं आणि रात्रीचा फोन नंबर. तो कागद दोन प्रतींत देते, एक रुग्णाला आणि दुसरी घरातल्या माणसाला. कोणाला द्यायची ते नाव सांगितल्याशिवाय मी सुई उघडत नाही.